संकलक नेमका कोण?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली संगणकाची प्रयोगशाळा म्हणजे टर्बो सीचा निळा पडदा आणि शेजारी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. त्या पडद्यावर विद्यार्थ्याला दोन तऱ्हेची बोलणी खावी लागत. अर्धविराम राहिला की कंपायलर ओळीच्या क्रमांकासकट चूक दाखवी. पण ‘प्रिंटएफ’मध्ये एक एफ जास्त पडला, तर कंपायलर फार तर एक इशारा देऊन पुढे सरके आणि मग दुसराच कुणीतरी बोले: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’. पुढे तेच चुकलेलं नाव, तेही डोक्याशी अंडरस्कोर चिकटवून. ओळीचा क्रमांक नाही, खुलासा नाही. हा दुसरा म्हणजे लिंकर. कंपायलरने तयार केलेले तुकडे आणि ग्रंथालयातून घेतलेली तयार फंक्शन्स यांची जोडणी करून चालू शकेल असा कार्यक्रम उभा करणारा.

कंपायलरला मराठीत ‘संकलक’ म्हणतात. लिंकरला मात्र सर्वांच्या तोंडी बसलेला मराठी शब्द नाही. माझं म्हणणं असं, की ‘संकलक’ हे नाव भलत्याच्याच पदरात पडलं आहे. दोष मराठीचा नाही. ही अदलाबदल इंग्रजीत आधीच झाली होती, आपण ती तशीच उचलली. ती कशी झाली ते पाहिलं, की निरनिराळ्या कंपायलरनी घडवलेले तुकडे एकत्र जोडताना एवढे तंटे का होतात, तेही उलगडतं.

‘कंपाइल’चं मूळ लॅटिन ‘कंपिलारे’. अर्थ लुटणे, नागवणे. दुसऱ्याच्या ग्रंथातला मजकूर उचलून आपल्या ग्रंथात घालणारा तो ‘कंपिलातोर’. सातव्या शतकातल्या सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या व्युत्पत्तिकोशात या शब्दाची नोंद करताना व्हर्जिलवरच्या जुन्या आरोपाची आठवण काढली आहे: त्याने होमरच्या ओळी आपल्या काव्यात घुसवल्या, असा तो आरोप. मध्ययुगात शब्दाची धार बोथट झाली आणि ‘लूट’ जाऊन ‘वेचून एकत्र करणे’ उरलं. पुढे कोश, कायदे, आकडेवारी सगळंच ‘कंपाइल’ होऊ लागलं. पण वाटेत अर्थ बदलला तरी एक गोष्ट सुटली नाही. कंपाइल करणारा स्वतः काही रचत नाही, भाषांतरही करत नाही. तयार असलेलं इकडून तिकडून आणून जुळवतो.

ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये युनिव्हॅक संगणकासाठी ए-शून्य ही प्रणाली केली आणि तिला ‘कंपायलर’ म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात हाच अर्थ होता. गणिताची नेहमी लागणारी छोटी कामं करणारे उपकार्यक्रम त्यांनी फितीवर साठवले होते. प्रत्येकाला एक ‘कॉल नंबर’ होता. पुस्तक मागवायला ग्रंथालयात असतो तसा. प्रोग्रॅमरने फक्त ते क्रमांक आणि सोबतची मूल्यं ओळीने लिहायची. ए-शून्य फितीवरून ते उपकार्यक्रम शोधून काढी, एकापुढे एक मांडी, त्यांच्यातले पत्ते नव्या जागेनुसार दुरुस्त करी आणि सलग कार्यक्रम हाती देई. आज हे वर्णन कुणाही जाणकाराला वाचून दाखवा. तो म्हणेल, हा तर लिंकर! आणि ते खरंच आहे. कंपायलर या नावाचं पहिलं यंत्र आजच्या अर्थाने मुख्यतः जोडारी होतं.

मग आयबीएमचं फोर्ट्रान आलं. ते १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडलं. त्याचं काम सरळ भाषांतराचं: बीजगणितासारखी लिहिलेली सूत्रं यंत्राच्या आज्ञांमध्ये उतरवणं. १९५६ च्या त्याच्या माहितीपुस्तिकेत बोलणं आहे ते भाषांतराचंच. तरीही लोकांच्या तोंडी ‘कंपायलर’ बसला होता आणि तो भाषांतरकाराला चिकटला. जोडणाऱ्याला दुसरी नावं शोधावी लागली. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर तो ‘लिंकेज एडिटर’ झाला. जर्मनांनी कंपायलरला ‘यूबरझेत्सर’, म्हणजे भाषांतरकार, असं चोख नाव दिलं आणि लिंकरला ‘बिंडर’. हा ‘बिंडर’ आणि आपलं ‘बांधणे’ ही एकाच मुळाची दूरची भावंडं आहेत.

यातला ‘एडिटर’ मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एडिटरच्या कामाला आपण काय म्हणतो? ‘संकलन’. निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या ठिकाणी चित्रित झालेले तुकडे कापून, क्रमाने लावून, जोडून एक चित्रपट करणारा तो संकलक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘संकलित’ म्हणजे बेरीज. तिथेही वेगवेगळे आकडे एकत्र आणणं हाच आशय. म्हणजे आपल्या भाषेचा कौल उघड आहे. संकलन हे जोडणाऱ्याचं काम, भाषांतर करणाऱ्याचं नव्हे. ‘कंपायलर’चं ‘संकलक’ हे मराठी रूप शब्दकोशाला धरून आहे, कामाला धरून नाही.

भाषांतरकाराच्या दोन हातांत दोन गोष्टी असतात, ‘सोर्स’ आणि ‘ऑब्जेक्ट’. ‘सोर्स’ लॅटिन ‘सुर्गेरे’ या क्रियापदापासून आला आहे. वर येणे, उसळून येणे. जमिनीतून पाणी वर येतं ती जागा म्हणजे सोर्स. आपला ‘उगम’ही ‘उद्’ आणि ‘गम्’ यांचा, वर येण्याचाच. सूर्य ‘उगवतो’ तोही त्याच शब्दाने. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच झरा पाहिला.

‘ऑब्जेक्ट’ने मात्र पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडवला आहे. ‘ऑब्जेक्ट फाइल’मधल्या ऑब्जेक्टचा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’मधल्या वस्तूशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये तो ‘पुढ्यात टाकलेला’. त्यातून एकीकडे ‘समोरची वस्तू’ आणि दुसरीकडे ‘नजरेपुढचं उद्दिष्ट’ असे दोन अर्थ फुटले. फोर्ट्रानच्या त्याच पुस्तिकेत ‘सोर्स प्रोग्रॅम’ आणि ‘ऑब्जेक्ट प्रोग्रॅम’ ही जोडी आहे आणि तिथे ऑब्जेक्ट म्हणजे भाषांतराने जिथे पोचायचं ते उद्दिष्ट. व्याकरणात ऑब्जेक्टला आपण ‘कर्म’ म्हणतो, आणि पाणिनीने कर्माची व्याख्या केली आहे ती अशी: कर्त्याला आपल्या क्रियेने जे मिळवण्याची सर्वांत जास्त इच्छा असते ते. कंपायलर कर्ता धरला, तर ऑब्जेक्ट फाइलला याहून नेमकी व्याख्या मिळणं अवघड.

पण ही इच्छापूर्ती अर्धीच असते. ऑब्जेक्ट फाइलमध्ये यंत्राच्या आज्ञा असतात, मात्र जागोजागी रिकाम्या खाचा सोडलेल्या असतात. इथे ‘प्रिंटएफ’चा पत्ता हवा, तिथे वर्गमूळ काढणाऱ्याचा. त्या भरायला लायब्ररी लागते. केंब्रिजचा एडसॅक १९४९ मध्ये चालू झाला, तेव्हा ही लायब्ररी खरोखरच कपाटात होती. उपकार्यक्रमांच्या छिद्रित कागदी फिती, ओळीने लावून ठेवलेल्या. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये त्यांवर पुस्तकच लिहिलं. व्हीलर यांच्या ‘इनिशियल ऑर्डर्स’ या प्रारंभिक आज्ञासंचाची दुसरी आवृत्ती अवघ्या ४१ आज्ञांची होती, आणि तेवढ्यात ती फितीवरचा उपकार्यक्रम हव्या त्या जागी बसवून त्यातले पत्ते सरकवण्याचं कामही करी.

‘लायब्ररी’च्या मुळाशी लॅटिन ‘लिबेर’ आहे, म्हणजे झाडाची आतली साल. सालीवर लिहीत, म्हणून पुस्तक म्हणजे साल. आपल्याकडच्या भूर्जपत्राची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आपला शब्द मात्र सालीकडे न पाहता दोऱ्याकडे पाहतो. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेला, गाठ मारून बांधलेला. सुट्या पानांना दोरा ओवून केलेला. ग्रंथी, गाठ, गाठोडं ही सगळी त्याच घरची. तेव्हा ‘ग्रंथालय’ म्हणजे गाठी मारलेल्या वस्तूंचं घर. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीला साजेसं हेच, कारण युनिक्सवर स्थिर लायब्ररी म्हणजे अनेक ऑब्जेक्ट फाइलींचं एक गाठोडंच असतं. त्या फाइलच्या नावाशेवटी येणारा ‘ए’ हा ‘आर्काइव्ह’चा. आर्काइव्ह म्हणजे दप्तर, पेशवे दप्तरातलं. आणि ‘दप्तर’ ग्रीक ‘डिफ्थेरा’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आलं, अर्थ कमावलेलं कातडं. साल, कातडं आणि दोरा: लिहिलेलं जपायला माणसाने जे जे वापरलं, ते शब्दांत राहिलं आहे.

आता त्या ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’कडे येऊ. या धंद्यातला सर्वांत चपखल शब्द कुठला असं कुणी विचारलं, तर मी ‘सिम्बॉल’ म्हणेन. ग्रीक ‘सिम्बोलोन’ म्हणजे प्रतीक हा नंतरचा अर्थ. मूळ अर्थ प्रत्यक्ष वस्तूचा. दोन मित्र किंवा करार करणारे दोन पक्ष हाडाचा वा खापराचा एक तुकडा मोडून अर्धा अर्धा जवळ ठेवत. पुढे कधी त्यांच्यापैकी कुणाचा मुलगा वा निरोप्या आला, तर दोन्ही अर्धे कडेला कड लावून पाहायचे. बेमालूम जुळले तर माणूस आपला. ‘सिम्’ म्हणजे एकत्र आणि ‘बालेइन’ म्हणजे टाकणे. लिंकर दुसरं काय करतो? एका फाइलमध्ये नावाचा एक अर्धा असतो, ‘हे फंक्शन मला हवं’. दुसऱ्या फाइलमध्ये दुसरा, ‘हे फंक्शन माझ्याकडे आहे’. कड जुळली की गाठ बसली. जुळली नाही की ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’.

मेख अशी, की लिंकर फक्त नावाची कड पाहतो. अक्षराला अक्षर जुळलं की तो समाधानी. म्हणून नावं कशी लिहायची यावर त्याची सत्ता फार जुनी. आयबीएम ७०४ चा एक शब्द ३६ बिटांचा, एक अक्षर ६ बिटांचं. एका शब्दात मावणार सहा अक्षरं, आणि फोर्ट्रानच्या नावांची मर्यादाही सहाच अक्षरांची. मॅट्रिक्सचा गुणाकार करणाऱ्या प्रसिद्ध फंक्शनचं नाव ‘डीजीईएमएम’ असं आखूड आहे ते त्या काळाची खूण म्हणून. ‘डी’ म्हणजे दुप्पट अचूकता, ‘जीई’ म्हणजे सर्वसाधारण मॅट्रिक्स, ‘एमएम’ म्हणजे त्यांचा गुणाकार. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकानेही फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावांच्या पहिल्या सहाच अक्षरांची हमी दिली. तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न पाळता. जुन्या लिंकरांना त्याहून जास्त झेपत नव्हतं. १९९९ च्या प्रमाणकाने ही हमी ३१ अक्षरांवर नेली.

टर्बो सीच्या संदेशातला तो आगंतुक अंडरस्कोरही याच घराण्यातला. जुन्या युनिक्सवर सीचा कंपायलर प्रत्येक नावाच्या डोक्याशी अंडरस्कोर लावी, म्हणजे असेम्ब्लीत लिहिलेल्या नावांशी टक्कर नको. लिनक्सने पुढे ही खूण टाकली, मॅकने ठेवली. फोर्ट्रानवाल्यांनी अंडरस्कोर नावाच्या शेपटीला लावला. त्यातही जीएनयूचा जुना जी-७७ कंपायलर, नावात आधीच अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावी. त्याच घरचा पुढचा जीफोर्ट्रान एकच लावतो. सी आणि फोर्ट्रान एकत्र जोडणाऱ्यांचे किती तास या शेपटीतल्या एका आडव्या रेघेने खाल्ले असतील, त्याची मोजदाद नाही.

सी++ आलं आणि नावाची जुळणी फारच नाजूक झाली. त्या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शन्स असू शकतात. ‘अ‍ॅड’ दोन पूर्णांकांचं, ‘अ‍ॅड’ दोन दशांश संख्यांचं. लिंकरला बिचाऱ्याला ‘अ‍ॅड’ एवढंच दिसणार. तेव्हा कंपायलर नावातच प्रकार कोंबतो. लिनक्सवर दोन पूर्णांकांचं ‘अ‍ॅड’ होतं ‘अंडरस्कोर-झेड-तीन-अ‍ॅड-आय-आय’: तीन म्हणजे नावाची तीन अक्षरं, दोन ‘आय’ म्हणजे दोन पूर्णांक. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तेच नाव प्रश्नचिन्हाने सुरू करतो, मध्ये दोन ‘अ‍ॅट’ची चिन्हं घालतो आणि फंक्शन काय परत देतं तेही नोंदवतो. मूळ फंक्शन एक, पण खापराच्या कडा वेगळ्या. हे दोन अर्धे कधीच जुळायचे नाहीत.

या क्रियेला सी++च्या जगात ‘मँगलिंग’ म्हणतात. मँगल म्हणजे चिरफाड करणे, ओळखू न येण्याइतकं विद्रूप करणे. कपडे पिळण्याच्या यंत्रालाही इंग्रजीत मँगल म्हणतात, पण तो डचमधून आलेला निराळा शब्द. दोघांचा संबंध नाही. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत याच क्रियेला ‘डेकोरेशन’ म्हटलं आहे. एकाला जी चिरफाड वाटते, तोच दुसऱ्याचा शृंगार! कोणता शब्द बरोबर? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि त्याला आधार आपल्या ‘अलंकार’ शब्दाचा आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसं. अलंकार म्हणजे पुरेसं करणं, उणं असेल ते भरून काढणं. शोभा हा अर्थ मागून आला. ‘डेकोर’च्या मुळाशीही ‘शोभणे’च्या आधी ‘योग्य असणे, साजणे’ आहे. नुसतं ‘अ‍ॅड’ लिंकरला अपुरं होतं. कंपायलरने ते पुरेसं केलं. म्हणजे अलंकृत केलं.

मग सगळ्या कंपायलरांनी एकच अलंकार का घालू नये? असं विचारणाऱ्यांना जीएनयूच्या जीसीसी या कंपायलरच्या माहितीपुस्तिकेत उत्तर आहे. नावं जुळली म्हणून आतला व्यवहार जुळतो असं नाही. अपवाद कसे फेकायचे, वस्तूचे भाग स्मृतीत कोणत्या क्रमाने ठेवायचे, आभासी फंक्शन्सचा तक्ता कसा मांडायचा, हे प्रत्येक कंपायलर आपापल्या रीतीने ठरवतो. नावं सारखी असती तर जोडणी बिनबोभाट झाली असती आणि कार्यक्रम चालताना कोसळला असता. नावं वेगळी, म्हणून तंटा जोडणीच्या वेळीच उघडा पडतो. लिंकरची तक्रार त्रासाची वाटते, पण ती वेळेवर केलेली तक्रार आहे.

आतल्या व्यवहारातलं पहिलं कलम म्हणजे ‘कॉलिंग कन्व्हेन्शन’. फंक्शनला मूल्यं कुठून द्यायची, रजिस्टरांतून की स्टॅकवरून? डावीकडून की उजवीकडून? काम झाल्यावर स्टॅक कुणी आवरायचा, बोलावणाऱ्याने की आलेल्याने? ३२ बिटी विंडोजवर याची ‘सीडेक्ल’, ‘एसटीडीकॉल’, ‘फास्टकॉल’ अशी अनेक उत्तरं होती. त्याआधीच्या १६ बिटी विंडोजवर ‘पास्कल’ही होतं. ‘कन्व्हेन्शन’ म्हणजे एकत्र येणे. आपला शब्द ‘संकेत’, आणि तो अधिक रसाळ. आपल्या काव्यपरंपरेत संकेतस्थान म्हणजे प्रियकर-प्रेयसीने भेटीसाठी आधी ठरवलेली जागा. तिने नदीकाठी जायचं आणि त्याने देवळामागे, असं झालं तर दोघांचं प्रेम खरं असूनही भेट होत नाही. कॉलिंग कन्व्हेन्शन चुकली की नेमकं हेच होतं. दोन्ही बाजूंची फंक्शन्स निर्दोष, फक्त एकाने मूल्य जिथे ठेवलं तिथे दुसरा पाहत नाही. आणि गंमत म्हणजे ‘संकेतस्थळ’ हा शब्द आपण वेबसाइटला देऊन बसलो आहोत.

दुसरं कलम मापांचं. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा पूर्णांक आहे. ६४ बिटी विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा लाँग ३२ बिटांचा. त्याच यंत्रावर, त्याच विंडोजवर सिग्विन या युनिक्ससारख्या वातावरणातला ६४ बिटी जीसीसी घेतला, की तोच लाँग ६४ बिटांचा. दशमान पद्धत येण्याआधी आपल्याकडे शेर गावागणिक बदलत असे, पक्का शेर निराळा, कच्चा निराळा. सौदा ‘पाच शेरां’चा ठरे आणि भांडण घरी माप घातल्यावर सुरू होई. लाँगचंही तसंच. नाव एक, माप दोन, आणि लिंकर माप घालत नाही.

फोर्ट्रानवाल्यांना हे मापांचं दुखणं ‘मॉड्यूल’च्या रूपाने भेटतं. ‘मॉड्युलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘लहान माप’. नव्या फोर्ट्रानचा कंपायलर प्रत्येक मॉड्यूलची एक वर्णन-फाइल करतो, पण तिचं स्वरूप त्याचं खासगी असतं. जीफोर्ट्रानची फाइल इंटेलचा कंपायलर वाचू शकत नाही. जीफोर्ट्रानच्याच दोन आवृत्त्यांतही ती बदललेली आहे. हवामानाची मोठी प्रारूपं आजही बहुतांशी फोर्ट्रानमध्ये आहेत, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेसारख्या ठिकाणी ती रोज चालतात. त्या क्षेत्रात नव्या माणसाला सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक: प्रारूप ज्या कंपायलरने बांधणार, त्याच कंपायलरने हवामानाची आकडेवारी साठवणारी नेटसीडीएफ लायब्ररीही बांध.

ही सगळी कलमं एकत्र लिहून काढली की तयार होतो ‘एबीआय’, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन बायनरी इंटरफेस. ‘इंटरफेस’ म्हणजे दोन चेहऱ्यांमधली जागा. मराठीत ‘आंतरपृष्ठ’ वगैरे शब्द सुचवले जातात. मला ते कोरडे वाटतात. मी याला सरळ ‘तह’ म्हणेन. दोन स्वतंत्र सत्ता, एक सरहद्द, आणि सरहद्दीवर काय चालेल याची कलमवार यादी. तहाने कुणाचा राज्यकारभार बदलत नाही. कंपायलरने आपल्या मुलखात हवी ती सुधारणा करावी. फक्त वेशीवर ठरलेलं पाळावं.

या तहांची नावंही तहांसारखीच पडतात. सालबाई हे ग्वाल्हेरजवळचं लहानसं गाव; १७८२ च्या तहाने इतिहासाच्या पुस्तकात राहिलं. इंटेलच्या आयटेनियम प्रोसेसरचं तसंच झालं. त्या प्रोसेसरसाठी नव्या सहस्रकाच्या तोंडावर अनेक कंपन्यांनी मिळून सी++चा एबीआय ठरवला. जीसीसीने २००१ पासूनच्या तिसऱ्या मालिकेत तो सर्वत्र स्वीकारला, क्लँग हा दुसरा कंपायलरही त्याच वाटेने गेला. प्रोसेसर बाजारात चालला नाही, २०२१ मध्ये त्याची शेवटची खेप निघाली. पण आज लिनक्सवर किंवा मॅकवर सी++चा कुठलाही कार्यक्रम बांधला, तर नावं त्या ‘आयटेनियम’ तहाप्रमाणेच अलंकृत होतात. जीसीसी आणि क्लँगच्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र नांदतात त्या या तहामुळे. विंडोजवर क्लँगने वेगळं धोरण धरलं: मायक्रोसॉफ्टचाच तह शिकून घेतला आणि त्याप्रमाणे वागू लागला.

तह मोडतातही. सी++च्या २०११ च्या प्रमाणकाने स्ट्रिंगच्या वर्तनाबद्दल नवे नियम घातले, ते जीसीसीच्या जुन्या स्ट्रिंगच्या रचनेत बसेनात. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत जीसीसीने नवी स्ट्रिंग आणली आणि जुनीही ठेवली. नवीच्या नावात एक जादा खूण घातली, म्हणजे दोन्हींची गल्लत नको. तेव्हापासून जुन्या जीसीसीने बांधलेली लायब्ररी नव्याशी जोडणाऱ्या अनेकांना लिंकरने ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून परत पाठवलं आहे. नावात ती खूण दिसली की समजावं: तुमची चूक नाही, तह बदलला आहे.

या ‘रेफरन्स’ला मराठीत ‘संदर्भ’ म्हणतो. आज हा शब्द तळटिपांचा आणि परीक्षेतल्या ‘संदर्भासहित स्पष्टीकरणा’चा. पण संस्कृतात ‘दृभ्’ म्हणजे ओवणे, गुंफणे, आणि ‘संदर्भ’ म्हणजे फुलं एकत्र ओवणं, त्यावरून रचना. ‘रेफरन्स’ म्हणजे नुसतं मागे नेणं, बोट दाखवणं. ‘संदर्भ’ बोट दाखवून थांबत नाही, जोडून टाकतो. इंग्रजी शब्दात लिंकरचं अर्धं काम आहे, मराठी शब्दात पूर्ण.

आता निवाडा. कंपायलरला ‘अनुवादक’ आणि लिंकरला ‘संकलक’ म्हणावं हे न्यायाचं झालं असतं. पण रूढ शब्दाची उचलबांगडी होत नसते, आणि ‘कंपायलर’ तर मराठीच झाला आहे. माझी सूचना एवढीच, की लिंकरसाठी शब्द घडवायला परभाषेकडे पाहू नये. सांधा, सांधणे, संधी हे घराणं आपल्याकडे हयात आहे. ‘संधी’ म्हणजे अक्षरांची जोड, ‘संधी’ म्हणजे तहही. जोडणी आणि करार एकाच शब्दात मावतात अशी सोय आणखी कुठे मिळणार? लिंकरला ‘सांधक’ म्हणायला हरकत नाही.

आणि जे स्वतः लायब्ररी लिहून इतरांना देतात त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमचा कंपायलर एक आणि घेणाऱ्याचा दुसरा असणार, हे धरूनच चाला. वेशीवर सी++चे अलंकार नकोत. ‘एक्स्टर्न सी’ लिहून साध्या सी फंक्शनांची अरुंद वाट ठेवा, कारण सीचा तह त्या त्या यंत्रणेवर जवळपास सगळेच कंपायलर पाळतात. जिकडे स्मृती घेतली, तिकडेच ती परत करा. एका बाजूच्या हीपमधली स्मृती दुसऱ्या बाजूने मोकळी करू नये. ‘लाँग’ऐवजी बिटांची संख्या नावातच सांगणारे प्रकार वापरा. आणि लायब्ररीबरोबर एक कागद द्या, ज्यावर कंपायलरचं नाव, आवृत्ती आणि निवडलेले पर्याय लिहिलेले असतील. तह तोंडी ठेवू नये, लिहून द्यावा.